तरणा कोंबडा आणि पिल्लं: कोणती टोच सोडून द्यायची, कोंबडा कधी वेगळा करायचा

परसात आठ-दहा गावरान कोंबड्या असल्या की हा प्रसंग येतोच. मागच्या रवणातले, म्हणजे मागे एकत्र उबवलेल्या पिल्लांतले, दोन-तीन कोंबडे अंगाने भरतात, तुरा लाल होतो, फाटक्या आवाजात आरवणं सुरू होतं. नेमकी तेव्हाच एखादी खुडूक कोंबडी नवी पिल्लं घेऊन अंगणात उतरते. कोंबड्याने एका पिल्लाला टोच मारली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आजच रस्सा करा. दुसरा म्हणतो, कोंबडा कधी पिल्लं मारतो का? दोघंही घाई करतात. चार ते सात महिन्यांचा कोंबडा पिल्लांचा वैरी नसतो आणि राखणदारही झालेला नसतो. त्याच्या अंगात नराचं रसायन उसळलेलं असतं, पण कळपात आपली जागा कोणती हे त्याला अजून ठरवायचं असतं. म्हणून आधी बघायचं, मग हात घालायचा.

आधी नुसतं बघा

सकाळी खुराडं उघडल्यावर आणि संध्याकाळी दाणे टाकल्यावर थोडा वेळ लांब बसा. एरवी सगळे पांगलेले असतात, तेव्हा काही कळत नाही. खरा स्वभाव दाण्यावर आणि अडचणीच्या जागेत दिसतो.

पिल्लू दाण्याशी आलं, कोंबड्याने डोक्यावर एक टोच दिली, पिल्लू चिवचिवत बाजूला झालं आणि कोंबडा परत दाणे टिपू लागला, तर तिथेच विषय संपला. ही कळपाची शिस्त आहे आणि मोठ्या कोंबड्याही पिल्लांना तशीच लावतात. नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी 1920 च्या दशकात हा टोचण्याचा क्रम शास्त्रात मांडला. वरच्याने खालच्याला टोचायचं, खालच्याने वाट सोडायची. पिल्लांना ही वाट सोडणं लवकर शिकलेलं बरं.

टोच मारून न थांबता कोंबडा पिल्लामागे धावत सुटला, कोपऱ्यात गाठलं, मानेचं कातडं चोचीत धरून झटकलं किंवा दिवसभर त्याच एका पिल्लाच्या मागे लागला, तर ती शिस्त नव्हे. अशा वेळी वाट बघू नका, त्याच संध्याकाळी तो वेगळा करा. एकच टोच आणि पाठलाग यांतला फरक डोळ्यात बसला की अर्धं काम झालं.

आता दाण्याचा खेळ बघा. जुना, मुरलेला कोंबडा ज्वारीचा दाणा उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि ‘कुक-कुक-कुक’ करत बोलावतो. कोंबड्या धावत येतात, पिल्लंही येतात आणि तो दाणा त्यांना खाऊ देतो. तरणा कोंबडा हीच नक्कल करतो, पण ती तलंगांसाठी, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या माद्यांसाठी. कधी तर चोचीत दाणाच नसतो, नुसतीच हाक असते. पिल्लू भाबडेपणाने पुढे आलं की त्याला टोच बसते. यात वाईट खोड काही नाही, तो अजून शिकतोय. पुढे काही आठवड्यांत तो पिल्लांसमोर दाणा सोडून मागे सरू लागला, तर असा कोंबडा ठेवण्यासारखा आहे.

एक पंख जमिनीला घासत, तिरका होऊन गोल फिरणं हा माद्यांपुढचा नाच असतो. छोट्या पिल्लांना त्याचा त्रास नाही. अडीच-तीन महिन्यांच्या तलंगांना मात्र आहे. त्या अजून कोवळ्या असतात आणि असा कोंबडा त्यांच्या पाठीवर चढला तर पाठ सोलून निघते. त्या वयाच्या तलंगा आणि तरणे कोंबडे एका खुराड्यात कोंडू नका.

आई असेल तर

पिल्लं 21 दिवसांनी फुटली की पहिला आठवडाभर आईसकट डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, ठेवा, पण डालगं कळपाच्या नजरेसमोर असू द्या. बाकीचे येऊन बघतात, वास घेतात, ओळख होते. मग सोडा. गावरान कोंबडी पिल्लांवर आली की कोंबड्याच्या दुप्पट फुगते आणि थेट तोंडावर झेप घेते. असा मार दोनदा खाल्ला की बहुतेक तरणे कोंबडे पिल्लांपासून हातभर लांबूनच जातात. मध्ये पडून तिचं काम तुम्ही करू नका.

आई नसेल तर जास्त जपा

मशीनमधून आणलेली किंवा विकत घेतलेली पिल्लं बिनआईची असतात. त्यांच्या बाजूने झेप घ्यायला कोणी नसतं, म्हणून इथे जाळीच आई. बल्बची ऊब लागते तोवर ती वेगळीच असतात. पिसं भरल्यावर, म्हणजे साधारण सहा आठवड्यांनी, कळपाशेजारी जाळीआड ठेवा. खालची हातभर जाळी बारीक घराची हवी, नाहीतर पिल्लू मान बाहेर काढतं आणि टोच खातं. दोन-तीन आठवडे एकमेकांना बघू द्या. मग दुपारच्या मोकळ्या वेळात, अंगणात, थोडा वेळ एकत्र सोडा. खुराड्याच्या आत पहिली भेट कधीच घालू नका, तिथे पळायला जागा नसते.

असील या झुंजीच्या जातीच्या रक्ताची पिल्लं असतील तर वेगळा हिशेब धरा. ती कोवळ्या वयातच आपापसात झुंजू लागतात. त्यांचे नर लवकर वेगळे करावे लागतात.

दाणा-पाणी दोन ठिकाणी

अर्धी भांडणं इथेच मिटतात. डालगं चार विटांवर टेकवा, खाली पिल्लू शिरेल आणि कोंबडा शिरणार नाही एवढीच फट ठेवा. पिल्लांचा भरडा आणि पाणी आत ठेवा. पिल्लांना खायला मिळतं आणि तीच त्यांची लपायची जागाही होते. मोठ्यांचे दाणे लांब, पसरून टाका. एकाच ताटलीत टाकले तर ताटलीचा मालक कोंबडाच होणार.

अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य पिल्लांना जाऊ देऊ नका. त्यातलं कॅल्शियम कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. सगळ्यांना एकच खाद्य घालायचं असेल तर वाढीच्या पिल्लांचं घाला आणि कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.

रक्त दिसलं तर

पिल्लू लगेच उचला. लाल ठिपका दिसला की बाकीचेही तिथेच टोचतात, भावंडंसुद्धा. जखम धुवा, हळद लावा, सुकेपर्यंत वेगळं ठेवा, पण एकटं नको. सोबतीला एक शांत पिल्लू द्या, म्हणजे परत सोडताना ते परकं ठरत नाही.

वेगळ्या केलेल्या कोंबड्याला आठवडा-दहा दिवस दुसरीकडे ठेवून संध्याकाळी परत सोडा. बऱ्याचदा कळपातली त्याची जागा घसरलेली असते आणि तोराही उतरलेला असतो. परत आल्यावर पुन्हा पाठलाग केला तर मात्र तो ठेवू नये, आणि बियाण्यासाठी तर मुळीच नको, कारण स्वभाव काही अंशी रक्तातून उतरतो.

किती कोंबडे ठेवायचे

आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरे. तीन कोंबडे आणि पाच कोंबड्या असं गणित असेल तर वर सांगितलेलं काहीही करा, पिल्लांना आणि तलंगांना शांतता मिळणार नाही. जास्तीचे नर एकत्र वाढलेले असतील तर माद्यांपासून लांब, वेगळ्या खुराड्यात बरे राहतात. नाहीतर बाजार आहेच.

निवड करायची तर सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत थांबा. वर घार फिरली की एक आवाज काढून सगळ्यांना झुडपाखाली पाठवणारा, मुंगूस किंवा मांजर दिसलं की वेगळीच हाकाटी करणारा आणि स्वतः उघड्यावर उभा राहणारा कोंबडा पाहा. अंगापिंडाने थोडा लहान असला तरी तोच ठेवा. माणसाच्या पायावर झडप घालणारा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर, कितीही देखणा असला तरी काढा.

बाहेरून नवा कोंबडा आणणार असाल तर राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस झाली आहे का ते विचारा. तरीही तीन-चार आठवडे त्याला कळपापासून लांब ठेवा आणि त्याचं दाणा-पाणी शेवटी करा, म्हणजे रोग असलाच तर तुमच्या हातापायांवरून पिल्लांकडे जाणार नाही.