‘तुझी तब्येत कशी आहे?’ हे वेगवेगळ्या देशांतून आलेल्या मुलांना विचारताना

शाळेतल्या आरोग्य पाहणीत हा प्रश्न एका ओळीचा असतो, पण सगळ्यात जास्त घोळ त्यातच होतो. प्रौढांच्या बाबतीत या एका उत्तरावरून पुढच्या आयुर्मानाचा अंदाज येतो; आयडलर आणि बेन्यामिनी या संशोधकांनी १९९७ साली २७ अभ्यास तपासून ते मांडलं. किशोरवयीन मुलं मात्र उत्तर देताना झोप, मैत्री, शाळेतला ताण हे सगळं त्यात धरतात. म्हणून शब्द जपून निवडा.

आधी पर्याय पक्के करा. अमेरिकेतल्या नेहमीच्या पाच पर्यायांत ‘फेअर’ (साधारण ‘ठीक’) चौथा, म्हणजे खालून दुसरा. इंग्लंडच्या २०२१ च्या जनगणनेत तोच शब्द बरोबर मधला. शब्द एक, जागा दोन. त्यामुळे या दोन पाहण्यांचे आकडे शेजारी ठेवू नका.

भाषांतरात तर हे आणखी बोचतं. स्पॅनिशमध्ये ‘फेअर’चं ‘रेगुलार’ केलं की तो शब्द ‘मध्यम, चालतंय’ असा वाजतो आणि जास्त मुलं त्यावर खूण करतात. मग लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, मुलांची तब्येत आहे त्याहून वाईट दिसते. मराठीत ‘ठीक’ तसाच फसवा. तापातून उठलेलं पोरही ‘ठीक आहे’ म्हणतं आणि रोज मैदानावर धावणारंही. त्याऐवजी ‘खूप चांगली, चांगली, ना चांगली ना वाईट, वाईट, खूप वाईट’ असे उतरते पर्याय द्या. प्रत्येक भाषेतल्या ८-१० मुलांना ते वाचायला देऊन विचारा, ‘मधला शब्द वाचून कसला मुलगा डोळ्यांसमोर आला?’ उत्तरं फाकली तर शब्द बदला.

हा प्रश्न आजारांच्या यादीच्या आधी ठेवा. दमा, डोकेदुखी, चिंता यांवर खुणा करून झाल्यावर विचारला तर मूल त्या यादीच्याच नजरेने स्वतःकडे पाहतं. फॉर्म मुलांनी स्वतः भरावा. आईवडील किंवा मोठा भाऊ दुभाषा म्हणून नकोच. घरचं माणूस समोर असलं की ‘चांगली’च येतं.

आपण कुठल्या वंशाचे वा समाजाचे, हा समाजगट मुलांनाच निवडू द्या, एकाहून जास्त खुणा चालतील. जन्मदेश तिघांचा विचारा: स्वतःचा, आईचा, वडिलांचा. मूल बाहेर जन्मलेलं असेल तर इथे आलं तेव्हाचं वय आणि घरात बोलायची भाषा. चौथ्या वर्षी आलेला आणि चौदाव्या वर्षी आलेला हे दोघं एका रकान्यात कोंबले तर दोघांचंही चित्र पुसतं. व्हिसा, नागरिकत्व, कागदपत्रं यांबद्दल अवाक्षर नको. भीतीने अख्खा फॉर्म कोरा येतो. घरचं उत्पन्नही विचारू नका, मुलांना ते माहीत नसतं. स्वतःची खोली आहे का, घरात गाडी आहे का, यावरून परिस्थिती कळते.

निकष सगळ्यांचे सारखे आहेत का हे पाहायला एक काल्पनिक नमुना द्या: ‘मीना १५ वर्षांची. महिन्यातून दोनदा डोकं दुखून शाळा बुडते, एरवी खेळते, नीट झोपते. तिची तब्येत कशी?’ पर्याय तेच. एखादा गट मीनालाही खालचा दर्जा देत असेल, तर फरक तब्येतीत नसून मोजपट्टीत असण्याची शक्यता आधी तपासा.

मोजताना मुली आणि मुलगे वेगळे ठेवा, कारण या वयात मुली बहुधा स्वतःची तब्येत कमी चांगली सांगतात. वयोगटही वेगळे. आणि छोट्या गटाच्या टक्केवारीवर भिस्त नको: ३० पैकी ६ मुलं ‘वाईट’ म्हणाली तर खरा आकडा साधारण १० ते ३७ टक्क्यांत कुठेही असू शकतो, ४०० पैकी ८० असतील तर १६ ते २४. सगळी मुलं दोन-तीनच शाळांमधली असतील तर हा पट्टा आणखी रुंद धरा. गट फार छोटा असेल तर आकडा छापूच नका, मूल ओळखू येतं. ‘आशियाई’ म्हणून सगळ्यांची मोट बांधणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

फॉर्मवर नाव नसतं, त्यामुळे ‘खूप वाईट’ लिहिणारं मूल नंतर शोधता येत नाही. म्हणून समुपदेशकाची खोली, वेळ आणि फोन छापलेली चिठ्ठी, मुलांच्या भाषेत, फॉर्मबरोबर सगळ्यांनाच द्या.