लिस्बनहून माद्रिदला विमानाने जाण्यापूर्वी

सर्वप्रथम घड्याळाचा हिशेब पक्का करावा, कारण या प्रवासात गफलत होते ती अंतरामुळे नव्हे, वेळेमुळे. लिस्बन आणि माद्रिद यांच्यातील हवाई अंतर सुमारे 500 किलोमीटर असून उड्डाणाला साधारण एक तास वीस मिनिटे धरली जातात. त्यातही विमान प्रत्यक्ष हवेत जेमतेम तासभर असते. परंतु स्पेनचे घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे चालते आणि तिकिटावर प्रत्येक शहराची स्थानिक वेळ छापलेली असते. त्यामुळे सकाळी 10 वाजता निघालेले विमान 12.20 ला उतरते असे दिसते, तर परतताना 18.00 ला निघालेले विमान 18.20 लाच पोहोचल्यासारखे वाटते. दोन्ही देश उन्हाळी वेळेसाठी घड्याळे एकाच क्षणी बदलतात, म्हणून हा तासाचा फरक वर्षभर कायम राहतो. माद्रिदहून पुढे रेल्वे पकडायची असेल, तर आरक्षण करताना तिकिटावरची माद्रिदची स्थानिक वेळच धरावी.

रेल्वेचा पर्याय तपासून पाहिला तरी हाती फारसे लागणार नाही. या दोन राजधान्यांना जोडणारी रात्रीची लुसितानिया गाडी 2020 मध्ये बंद झाली. रस्त्याने अंतर 620 किलोमीटरच्या पुढे जाते.

विमानतळावर कसे पोहोचायचे, हे आदल्या दिवशीच ठरवावे. लिस्बनचा विमानतळ शहरालगतच आहे आणि मेट्रोची लाल मार्गिका थेट तेथे जाते, मात्र मेट्रो सकाळी साडेसहाला सुरू होत असल्याने पहाटेच्या विमानासाठी टॅक्सी सांगून ठेवणे भाग आहे. आपले विमान टर्मिनल 2 वरून सुटत असल्यास टर्मिनल 1 पासून मोफत बसने जावे लागते. त्यासाठी वेगळा वेळ राखावा. माद्रिदच्या बाराखास विमानतळावर टर्मिनल 4 हे इतर तिन्हींपासून बरेच दूर आहे, तेव्हा कोणी घ्यायला येणार असेल तर त्यांना टर्मिनलचा क्रमांक न विसरता कळवावा.

भारतीय पारपत्रधारकांनी शेंगेन व्हिसाची (आपसांत सीमेवर नियमित तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसाची) मुदत आणि मुक्कामाचे मंजूर दिवस पाहून घ्यावेत. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने एकदाच प्रवेशाची मुभा असलेला व्हिसाही या प्रवासाला चालतो आणि सीमेवर नियमित शिक्का पडत नाही. तरीही पारपत्र मोठ्या बॅगेत न ठेवता जवळच बाळगावे. हातसामानातील द्रव पदार्थ 100 मिलिलिटरच्या बाटल्यांतच असावेत. आपल्याकडचे लोणचे आणि तूपही तपासणीत याच वर्गात मोजले जाते, हे घरून डबा घेऊन निघणाऱ्यांना ऐन वेळी कळते. पास्तेल द नाता या पोर्तुगीज कस्टर्ड भरलेल्या पेस्ट्रीचा खोका मात्र खुशाल हातात न्यावा.

शेवटी बोर्डिंग पास आणि तिकिटाची प्रत जपून ठेवावी. युरोपीय संघाच्या 2004 च्या नियमानुसार 1,500 किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला तीन तास किंवा अधिक उशीर झाला आणि तो असाधारण परिस्थितीमुळे नसेल, तर 250 युरो भरपाई मागता येते. हा उशीर विमान सुटण्याच्या नव्हे, पोहोचण्याच्या वेळेवरून मोजला जातो, म्हणून माद्रिदला विमानाचे दार उघडले ती वेळ टिपून ठेवावी, आणि तीही स्पेनच्या घड्याळाप्रमाणे.