जुने सुपरहिरो कॉमिक्स पुन्हा वाचताना

पहिल्या फेरीत संवाद वाचूच नका. नुसती चित्रं बघत अंक संपवा. चित्रकार किती गोष्ट एकटा पेलतो ते तिथेच कळतं. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा 33वा अंक (1966) घ्या. अवजड यंत्राखाली अडकलेल्या नायकासाठी स्टीव्ह डिटको चौकटी मोठ्या करत नेतो आणि वजन उचललं जातं तेव्हा अख्खं पान देऊन टाकतो.

दुसऱ्या फेरीत शाई कोणाची, म्हणजे पेन्सिलच्या चित्रावर शाईने रेषा कोणी पक्क्या केल्या, ते बघा. पेन्सिल जॅक कर्बीचीच, पण जो सिनॉटच्या शाईत धातू चकाकतो, तर व्हिन्स कोलेटाकडे रेषा बारीक, केसाळ होते. कधी मागची माणसंही गायब! नावं बहुधा पहिल्या पानावर सापडतात. साठच्या दशकाआधीच्या अंकांत बऱ्याचदा नसतातच.

पुनर्मुद्रण घेताना कागद तपासा. ठिपक्यांच्या छपाईसाठी, न्यूजप्रिंटवर (वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदावर) मंद दिसतील अशा बेताने निवडलेले रंग गुळगुळीत पांढऱ्या कागदावर भडक होतात. मॅट कागद बरा.

मूळ अंक सपाट उघडू नका, गंजलेल्या पिनेपाशी पान फाटतं. फाटलंच तर चिकटपट्टी नको; तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो.