मोटर गुरगुरते, थरथरते: पॉटला हात लावण्याआधीची तयारी

हॉबी सीएनसीची (संगणकावर चालणाऱ्या छोट्या कोरीवकाम मशीनची) स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर, गुरगुरायला लागली की हात आपसूक ड्रायव्हरवरच्या (मोटरला करंट देणाऱ्या बोर्डावरच्या) इवल्याशा पॉटकडे, म्हणजे करंट कमीजास्त करणाऱ्या स्क्रूकडे, जातो. तो आवरा. मला तरी दोष बहुतेक वेळा तारेतच सापडला आहे. करंट वाढवून तार जोडली जात नाही, मोटर तेवढी तापते.

मल्टिमीटर, बारीक स्क्रूड्रायव्हर, ॲलन की, मार्कर आणि वही जवळ घेऊन बसा. मशीन जीआरबीएल या कंट्रोलर सॉफ्टवेअरवर चालत असेल तर त्याच्या कन्सोलमध्ये डॉलरचं चिन्ह दोनदा टाइप करा आणि आलेल्या सगळ्या सेटिंग्ज आधी वहीत उतरवा. मग पॉवर सप्लाय पूर्ण बंद करा. चालू ड्रायव्हरमधून मोटरचा कनेक्टर ओढला तर ड्रायव्हर जळू शकतो, म्हणून हे कधीही चुकवू नका.

चार तारांच्या मोटरमध्ये कॉइल दोनच असतात. तारांच्या रंगांवर विसंबू नका, ते कंपनीगणिक बदलतात. मीटर ओहमवर ठेवा: एकाच कॉइलच्या दोन तारांत थोडे ओहम दिसतील, वेगळ्या कॉइलच्या तारांत काहीच नाही. मीटर नसेल तर सुट्या मोटरच्या दोन तारा एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. जोडी जुळली असेल तर शाफ्ट एकदम जड होतो, अडखळत फिरतो. नसेल तर पूर्वीसारखाच हलका. एका जोडीतली तार दुसऱ्या जोडीत गेली की मोटर नीट न फिरता जागीच थरथरते.

कनेक्टरमधली प्रत्येक तार हलकेच ओढून पाहा. माझ्या मशीनची थरथर फक्त गँट्री (सरकणारा आडवा भाग) उजव्या टोकाला गेल्यावर यायची. ड्रॅग चेनमधली (तारांना सांभाळणाऱ्या साखळीतली) तार आतून तुटली होती, वरचं आवरण मात्र शाबूत. मीटर लावून केबल वाकवली तेव्हा कुठे आकडा उडताना दिसला.

मोटरचा शाफ्ट आणि मशीन सरकवणारा लीडस्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचे स्क्रू आवळा आणि शाफ्ट व कपलिंग मिळून मार्करची एक रेघ मारा. मशीन चालवल्यावर रेघ तुटलेली दिसली तर कपलिंग घसरतंय. नंतर मोटर लीडस्क्रूपासून सोडवून एकटी चालवा. एखाद्याच वेगाला गुणगुणली तर तो रेझोनन्स, म्हणजे त्या वेगाला वाढणारं कंपन, त्याने घाबरू नका. सगळ्याच वेगांना थरथरली तर पुन्हा तारांकडे आणि ड्रायव्हरकडे वळा.

आता पॉट. ए४९८८ ड्रायव्हरचा व्हीरेफ (पॉटने ठरणारं, करंटची मर्यादा सांगणारं व्होल्टेज) म्हणजे ८ × करंट × सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारा रेझिस्टर), ०.१ ओहमचा रेझिस्टर असेल तर १ अँपिअरला ०.८ व्होल्ट. रेझिस्टर सगळ्या बोर्डांवर सारखा नसतो, त्यावरचा आकडा वाचूनच हिशेब करा. ड्रायव्हरखालचे तिन्ही जंपर असले तर १/१६ मायक्रोस्टेप (एका पावलाचे सोळा भाग) मिळतात; एकही नसेल तर मोटर फुल स्टेपवर खडखडते. २०० स्टेपची मोटर, १/१६ आणि एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा लीडस्क्रू, म्हणजे मिलिमीटरला ४०० स्टेप. वहीतल्या सेटिंग्जमधला मिलिमीटरला स्टेपचा आकडा याच्याशी ताडून पाहा. ॲक्सिलरेशन निम्मं करा, १० मिमीची एक चाल द्या, आवाज ऐका आणि वहीत लिहा. मगच पुढचा बदल.