उन्हाळी शनिवार-रविवारचा वादळी पावसाचा अंदाज कसा वाचावा

एप्रिल-मे महिन्यांत शनिवार-रविवारी कांदा काढायचा असो, अंगणात साखरपुडा असो किंवा गडावर जायचे असो, वळवाचा अंदाज पाहण्यास गुरुवारी सुरुवात करावी. ‘राज्यावर गारपिटीचे संकट’ असे फिरते संदेश वाचूच नयेत. त्यांत जिल्हा नसतो, तारीख नसते आणि पुष्कळदा ते मागच्या वर्षीचे असतात.

प्रथम आपला हवामान उपविभाग पाहावा. भारतीय हवामानशास्त्र विभाग आपल्याकडे कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार उपविभाग मानतो. सोलापूर त्यांत मध्य महाराष्ट्रात येते, मराठवाड्यात नव्हे. त्यानंतर विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा आहे का, हे पाहावे. समुद्रावरून आलेले बाष्प आणि वायव्येकडचे कोरडे, तापलेले वारे या पट्ट्याच्या आसपास एकत्र आले की दुपारनंतर ढग उभे राहतात.

खरी अडचण इशाऱ्याची भाषा समजण्यात आहे, आणि मी स्वतः तेथेच फसलो होतो. अंदाजात ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ असे शब्द होते आणि जिल्ह्याचा रंग पिवळा होता. तुरळक म्हणजे चार थेंब, असे समजून मी काढलेला कांदा पातीखाली वावरातच वाळत ठेवला आणि ताडपत्री घरीच राहू दिली. संध्याकाळी तासाभराच्या पावसात सगळा माल भिजला. दोन किलोमीटरवरच्या शेजाऱ्याच्या वावरात मात्र धूळसुद्धा बसली नव्हती.

‘तुरळक’ हा शब्द पावसाचा जोर सांगत नाही, तो पावसाचा विस्तार सांगतो. उपविभागातील पाऊस मोजणाऱ्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’ आणि त्याहून अधिक, ५० टक्क्यांपर्यंत केंद्रांवर असेल तर ‘काही ठिकाणी’ असे म्हटले जाते. ज्या थोड्या गावांवर ढग फुटतो, तेथे तो मुसळधारही बरसू शकतो. रंगाचेही तसेच आहे. पिवळा म्हणजे परिस्थितीवर लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. पावसाचे मिलिमीटर मोजण्याची ती पट्टी नव्हे. म्हणून रंगापेक्षा त्याखालची ओळ वाचावी. तेथे ‘गारपीट’ हा शब्द किंवा वाऱ्याचा वेग ताशी ५० ते ६० किलोमीटर असा दिला असेल, तर मंडप, पत्र्याचे शेड आणि झाडाखालची वाहने यांचा विचार त्याच दिवशी करावा. ‘पिवळाच तर आहे’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.

आणखी एक खाच तारखेची. हवामान विभागाचा दिवस सकाळी ८.३० ला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० ला संपतो, त्यामुळे शनिवारच्या इशाऱ्यात रविवारची पहाटही येते. रविवारी सकाळी लग्न असणाऱ्यांनी दोन्ही दिवसांचे इशारे वाचावेत.

शनिवारी सकाळी आभाळ निरभ्र दिसले म्हणून बेत बदलू नये. वळवाच्या दिवशी सकाळ बहुधा स्वच्छच असते. दुपारनंतर मात्र पुढील तीन तासांसाठी दिला जाणारा जिल्हावार तात्कालिक इशारा पाहत राहावे. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फोनवर असावे. फोनला रेंज नसेल, तर ऐरणीसारखा पसरट माथा असलेला ढग आपल्या बाजूला सरकतो आहे का, हे पाहावे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला, तर ती सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जावे, झाडाखाली मुळीच थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे होईपर्यंत, पाऊस थांबला तरी, वावरात उतरू नये.