आधी काडी, मग सुई

आईचं दूध तोडलं की आठवड्याच्या आतच डुकराच्या पिल्लांना पाणचट हगवण लागते. मालक इंदूरला रामबागेत माझ्या दारी येतो, तोवर दोन इंजेक्शनं टोचून झालेली असतात. महूला पशुवैद्यकी शिकले तेव्हापासून हेच बघते आहे. कृपा करून आधी नमुना घ्या.

औषध न मिळालेली, आजच हगवण लागलेली दोन-तीन पिल्लं निवडा. नळीतली निर्जंतुक कापसाची काडी गुदद्वारात हलकेच फिरवा, नळी बंद करा, वर पिल्लाचा नंबर लिहा आणि बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी लॅबला पोचवा. तिथे जंतू वाढवून ताटलीत औषधांच्या चकत्या ठेवतात. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल उमटतो. मागे एका शेडच्या ताटलीत सहापैकी चार चकत्यांना गोलच नव्हता, जंतू पार कडेला भिडलेले. ती ताटली उजेडाकडे धरून मी मालकाला दाखवली. बराच वेळ तो काही बोललाच नाही.

जंतूंपाशी प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी असते. औषधाला न जुमानण्याचं जनुक तिच्यावर असलं, की जंतू ती शेजाऱ्याला देतो, शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी. एकाच कडीवर कितीतरी औषधांची जनुकं असू शकतात. म्हणून टेट्रासायक्लिन एकटं दिलं तरी बाकीचीही पोसली जातात. खाद्यातलं जास्तीचं झिंक आणि तांबंही तेच करतं. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवलेलं औषध. त्याला दाद न देणारं एमसीआर-१ जनुक अशाच कडीवर चीनमध्ये सापडलं, डुकरांतही आणि माणसांतही. ते जगासमोर आलं २०१५ मध्ये. आपल्याकडे २०१९ पासून खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन द्यायला बंदी आहे. जुनी पाकिटं उरली असतील तर वापरू नका.

रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर ओआरएसचं पाणी पाजा, खाली कोरडा पेंढा घाला. माळव्यातली जानेवारीची रात्र ओल्या पिल्लाला सोसत नाही. पिल्लू मलूल पडलं तर मात्र थांबू नका, काडीनं नमुना घेऊन लगेच डॉक्टरला बोलवा.

डोस नजरेच्या अंदाजानं नको. पिल्लू गोणीत घालून स्प्रिंगकाट्याला लटकवा, वजन वहीत लिहा. हगवण थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा. औषधानंतर किती दिवस मांस खायचं नाही, ही बाटलीवर लिहिलेली मुदत संपेपर्यंत ते जनावर कापायला देऊ नका.

पुढच्या वेतापासून पिल्लांना पहिल्याच दिवशी पोटभर चीक मिळू द्या आणि चार आठवड्यांआधी दूध तोडू नका. ताजी विष्ठा भाजीच्या वाफ्यात टाकू नका, ढीग लावून आधी चांगली कुजू द्या.