सागरी गोगलगाईंची शास्त्रीय नावे लिहिताना या चुका टाळा

उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यांवर आढळणाऱ्या एका गोगलगाईला स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ मध्ये टर्बो लिटोरियस असे नाव दिले. पुढे ती लिटोरिना या प्रजातीत हलवली गेली, म्हणून तिचे पूर्ण नाव आता लिटोरिना लिटोरिया (लिनिअस, १७५८) असे लिहितात. (येथे प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, वृत्तपत्रे स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात, त्यामुळे कोणता शब्द कशासाठी वापरला आहे हे लेखाच्या आरंभीच सांगून टाकावे.)

सर्वाधिक चुका होतात त्या वर्णनकर्त्याच्या नावाभोवतीच्या, म्हणजे (लिनिअस, १७५८) या कंसाच्या बाबतीत. पुष्कळांना तो केवळ सजावटीचा वाटतो. परंतु जातीचे मूळ वर्णन आजच्यापेक्षा वेगळ्या प्रजातीत झाले होते, एवढाच त्याचा नेमका अर्थ आहे. सिप्रिया टायग्रिस ही मोठी ठिपकेदार कवडी मुळापासून सिप्रियामध्येच असल्याने तिच्यापुढे लिनिअस, १७५८ असे कंसाविना लिहावे लागते, तर मोनेटारिया मोनेटा ही कवडी सिप्रियामधून आल्यामुळे तेथे कंस हवाच. वनस्पतिशास्त्राच्या सवयीने जाती हलवणाऱ्याचे नावही पुढे जोडले जाते; प्राणिनामकरणात त्याची आवश्यकता नाही.

दुसरी चूक व्याकरणातील लिंगाची; जातीचे नाव विशेषण असेल तर ते प्रजातीच्या नावाच्या लिंगाप्रमाणे बदलते. टर्बो पुल्लिंगी आणि लिटोरिना स्त्रीलिंगी, म्हणून लिटोरियसचे लिटोरिया झाले. मात्र प्रत्येक नावाचा शेवट बदलत सुटणेही चुकीचेच. टर्बो सॅक्सॅटिलिस लिटोरिनामध्ये आली तरी सॅक्सॅटिलिसच राहिली, कारण त्या लॅटिन विशेषणाचे रूप पुल्लिंगात व स्त्रीलिंगात सारखेच असते. आणि कॅरोनिया ट्रायटोनिसमधील 'ट्रायटनचा' (ट्रायटन हा ग्रीक सागरदेव) हा अर्थ षष्ठीचा असल्याने तेथे लिंगाचा प्रश्नच उद्भवत नाही.

दोन पुस्तकांत दोन नावे सापडली, तर जाती दोन आहेत असे लगेच मानू नये. मूळ नाव, वर्णनकर्ता आणि वर्ष ताडून पाहावे. तिन्ही जुळली तर जाती एकच असून केवळ प्रजाती बदललेली असते. ती जुळली नाहीत, तर एक नाव दुसऱ्याचे समानार्थी (त्याच जातीचे दुसरे नाव) ठरले आहे काय, हे वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज या सागरी जीवांच्या नावांच्या ऑनलाइन सूचीत पाहावे. इटालियन निसर्गशास्त्रज्ञ ऑलिव्हीने १७९२ मध्ये वर्णिलेल्या सॅक्सॅटिलिसला शंभराहून अधिक नावे मिळाली आहेत, कारण तिच्या शंखाचा आकार व रंग ठिकाणागणिक बदलतो. सामान्यतः सर्वांत जुने उपलब्ध नाव ग्राह्य धरतात. तथापि १८९९ नंतर वैध म्हणून कोणीही न वापरलेले विस्मृत नाव केवळ जुने आहे म्हणून परस्पर पुनरुज्जीवित करू नये.

शेवटची चूक नाव लिहिण्यापूर्वीच घडते. लिटोरिना आर्काना आणि सॅक्सॅटिलिस यांचे शंख इतके सारखे असतात की मादीचे शरीर तपासल्यावरच खात्री होते: आर्काना अंडी घालते, तर सॅक्सॅटिलिस पिलांना जन्म देते. हाती नुसता रिकामा शंख असेल, तर प्रजातीचे नाव लिहून जातीची जागा अनिश्चित ठेवावी.